सात नंबरचा कर्णा

४ मार्च

१. १२ जानेवारी ते २० फेब्रुवारी असे चाळीस दिवस जंगलात बारा ध्वनियंत्रं लावलेली होती. सात ओढ्याच्या अलीकडे, पाच पलीकडे. ती अजून तिथेच चालू आहेत.
२. त्या रेकॉर्डिंगमधून कर्णा या पक्ष्याचा आवाज शोधून काढणारा प्रोग्राम मी लिहिला.
३. आवाज फक्त ७ नंबरच्या यंत्रावर सापडला. ओढ्यापलीकडे एकदाही नाही.
४. आमच्या वन-अभ्यास केंद्राच्या मोजणीदारांच्या वहीत या वर्षी चार जोड्या आहेत. त्यांतल्या तीन ओढ्यापलीकडच्या.
५. २५ फेब्रुवारीला मी अहवाल दिला. त्यात एक वाक्य असं : ‘वहीतील नोंदींना ध्वनीचा आधार मिळत नाही.’
६. काल त्या अहवालावरून मुख्य कार्यालयाने ओढ्यापलीकडची वाळलेली आणि कुजलेली खोडं काढायला परवानगी दिली. काम १० तारखेपासून.
७. आजपासून मोजणीदारांची बदली सामानघरात झाली. निवृत्तीला पाच महिने आहेत.
८. मोजणीदार माझे सख्खे मामा आहेत.

केंद्राच्या नोंदवहीत बॅटरी, मेमरी कार्ड आणि बिघाड एवढंच लिहायचं असतं. वरच्यापैकी काहीही त्यात बसत नाही. म्हणून ही वेगळी वही.

६ मार्च

सामानघर माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून आहे. मामा दिवसभर तिथे असतात. दोन दिवसांत त्यांनी नटबोल्टचे सगळे पाने आकाराप्रमाणे लावले, दोऱ्यांच्या गुंडाळ्यांना चिठ्ठ्या बांधल्या. आज मी दारात उभी राहून विचारलं, “मामा, माझा राग आलाय का तुम्हाला?” ते पाठमोरे होते. उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा वळले आणि म्हणाले, “चौदा नंबरचा वरच्या फळीवर आहे.” मी पाना मागितलेला नव्हता. पण घेऊन आले.

केंद्रावर मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणते. घरी ‘तू’. पहिल्याच दिवशी मी ते ठरवून घेतलं आणि त्यांनी ते चालवून घेतलं. ही नोकरी मला परीक्षा देऊन मिळाली आहे, हे सगळ्यांना स्पष्ट असावं म्हणून.

जेवताना आचारी म्हणाला, “आता मोजणीदार चमचे मोजणार.” मामा हसले. बाकीचे हसले म्हणून हसले असं मला वाटलं.

माझी बाजू मांडून ठेवते. प्रोग्रामला आवाजाचा एक नमुना लागतो. त्याच्याशी जुळेल ते ठेवायचं, न जुळेल ते टाकायचं. नमुना मी केंद्राच्या जुन्या कॅसेटवरून घेतला. तिच्यावर मामांच्याच अक्षरात ‘कर्णा, ७ नंबर’ असं आहे. यंत्रांना मी मोजणीच्या जुन्या ठिकाणांचेच नंबर दिलेत. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे तिच्यातलं माणसांचं बोलणं कापलं आणि आवाज स्वच्छ केला. शिवाय १० जानेवारीला मामांच्या कानांना हेडफोन लावून तो ऐकवला. “हाच ना?” असं विचारलं. त्यांनी मान हलवली. “हाच.” याहून जास्त खात्री कशी करतात ते मला माहीत नाही.

७ मार्च

मामांची वही माझ्याकडे जमा झाली आहे. पहिल्या पानावर नव्या मुलांसाठी त्यांनी पक्ष्याचं वर्णन लिहून ठेवलंय. उतरवून घेते :

“नराचं डोकं व छाती काळी, त्याखाली पांढरी पट्टी, पोट लालभडक. मादी तपकिरी, पोट पिवळट. शेपूट लांब, टोकाशी कापल्यासारखी. दाट सावलीतच राहतो, उन्हाच्या तुकड्यात सापडणार नाही. दोन माणसं उंचीच्या फांदीवर ताठ बसतो आणि अर्धा तास हलत नाही. तुम्ही त्याला पाहण्याआधी त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. मग तो पाठ फिरवतो. पाठ सुक्या पानाच्या रंगाची, त्यामुळे लाल लपतं. म्हणून लाल शोधू नये, पाठ शोधावी. पाठ दिसली की पक्षी आहे.

घरटं कुजक्या खोडात. चांगलं लाकूड त्याच्या चोचीला ऐकत नाही. बोटाने भुगा होईल असंच खोड लागतं, छातीइतक्या उंचीचं. नर-मादी मिळून महिनाभर कोरतात. दोन अंडी, भुशावरच. रात्री मादी बसते, दिवसा नर. पाळी सकाळी सात-सव्वासातला बदलते. पिसं फार कच्ची असतात. हात लावू नये, हातात येतात.”

अहवाल लिहिण्यापूर्वी मी ही वही फक्त आकड्यांसाठी चाळली होती.

आचाऱ्याला हा मजकूर पाठ आहे. त्याने मला ऐकवून मामांना खूण केली, “बघितलं की पाठ फिरवतो! तुमच्या भाचीसारखाच की हो.” यात हसण्यासारखं काही नव्हतं.

९ मार्च

रविवार. आठवड्याचे आकडे काढले. ७ नंबरवर ४ तारखेपासून एकही आवाज नाही.

तिथला पक्षी विलक्षण नियमित होता. चाळीसपैकी चौतीस दिवस, सकाळी सहा चाळीसच्या आगेमागे पाच मिनिटांत, सहा सुरांची शीळ. न आलेले सहाही दिवस रविवार होते. नमुना लहान आहे, यातून अर्थ काढू नये. पण आता चार तारखेपासून शांतता. बहुधा तोही गेला. म्हणजे शून्य जोड्या.

आईचा फोन आला होता. बदलीचं तिला कुठून कळलं कोण जाणे.

“तू लिहिलंस म्हणे दादाविरुद्ध.”

“विरुद्ध नाही, आई. आकडे होते ते लिहिले.”

“बोललीस का त्याच्याशी?”

“विचारलं. उत्तर देत नाहीत.”

“जरा मोठ्यानं बोल गं त्याच्याशी.”

“कामाच्या ठिकाणी मी आवाज चढवत नाही.”

आई म्हणाली, “फोनवर तरी कुठे बोलतो तो. चार वर्षं झाली. मीच बोलते, तो आपला हो-हो करतो. परवा सांगितलं, शेजारच्या वहिनींचा पाय मोडला, तर म्हणे, ‘छान झालं, छान झालं.’”

माणूस एकटा राहिला की असा होतो. मी तिला तसं सांगितलं.

११ मार्च

पलीकडे काल काम सुरू झालं. करवतीचा आवाज बाराही यंत्रांवर येतो, म्हणून पलीकडची पाच काढून आणली. अलीकडची चालू आहेत.

सकाळी ७ नंबरची बॅटरी बदलायला गेले. सहा पन्नासची वेळ. खोक्याचं झाकण उघडत असताना डोक्यावर शीळ झाली. वर पाहिलं. नर होता. यंत्रापासून जेमतेम दहा पावलांवर. मला पाहून त्याने पाठ केली आणि तसाच बसून पुन्हा बोलला. एका वेळी सहा सूर, शेवटचे दोन खाली उतरणारे, जरा चिरकलेले. एकूण चार वेळा बोलला. मी वेळा लिहून घेतल्या.

म्हणजे ७ नंबरचा पक्षी आहे. गेलेला नाही. चांगली गोष्ट आहे. संध्याकाळी कार्ड घालून प्रोग्राम चालवला.

निकाल : शून्य.

पुन्हा चालवला. शून्य.

१२ मार्च

क्रमाने लिहिते.

कालचे चारही आवाज कार्डवर आहेत, मी ते कानांनी ऐकले. प्रोग्रामने त्यांना शंभरात चाळीस गुण दिले. ऐंशीखालचं सगळं ‘इतर’ या कप्प्यात जातं. ‘इतर’ मी कधीच उघडलं नव्हतं. त्यात वारा, किडे आणि फांद्या असतात.

मग ठेवलेले चौतीस दिवस उघडले. ते सगळे पंच्याण्णवच्या वर. पडद्यावर त्यांची रेघ सरळ आणि बारीक दिसते, पट्टीने ओढल्यासारखी. कालच्या पक्ष्याची रेघ जाड, वर दुसरी फिकट रेघ, शेवटाला तुटलेली. हे दोन वेगळे आवाज आहेत. त्यांतला एक पक्ष्याचा आहे, तो मी डोळ्यांनी पाहिला.

मूळ कॅसेट काढली. ती वाजवायचं यंत्र सामानघरात होतं. मामांनी ते पुसून दिलं, कशाला हवंय हे विचारलं नाही. खोलीत येऊन कॅसेट अगदी सुरुवातीपासून लावली. जानेवारीत पहिली बावन्न सेकंद मी न ऐकता कापली होती. पडद्यावर ते बोलणं आहे हे दिसत होतं, आणि बोलणं कापायचं असतं.

त्यात मामा बोलतात. आवाज तरुण आहे.

“झालं का सुरू? हां. तर मंडळी, हा पक्षी नाही, हा मी. पक्षीमहाराजांचं आज बोलायचं मन नाही, म्हणून शीळ मीच घालतो. खऱ्याचा सूर शेवटाला जरा फाटतो. माझा फाटत नाही, तेवढं सोडून ऐका.”

मागे कुणीतरी हसतं. मग सहा सूर, सरळ आणि बारीक.

मी चाळीस दिवस जंगलात मामांना शोधत होते. ते ७ नंबरवर सापडले, कारण त्यांची रोजची फेरी तिथूनच सुरू होते. रविवारी सापडले नाहीत, कारण रविवारी त्यांना सुटी असते. पलीकडची यंत्रं वाटेपासून दूर, आत होती. ४ तारखेपासून ते सामानघरात आहेत.

दुपारी कालच्या पक्ष्याचा आवाज नमुना म्हणून घातला आणि चाळीसही दिवस पुन्हा चालवले. निकाल पाच वाजता आला. ओढ्यापलीकडे तीन ठिकाणी आवाज आहेत : ८, १० आणि ११.

वही उघडली. मामांच्या अक्षरात : ८ जवळ एक जोडी, १० जवळ एक, ११ जवळ एक.

१३ मार्च

तोडीचा पहिला पट्टा ८ नंबरवरून गेला आहे. मंगळवारी संपला. सकाळी सहाला मी सामानघरात गेले. मामा कुलूप काढत होते, पाठ माझ्याकडे. मी म्हणाले, “मामा, कॅसेटवर तुम्ही होतात.” कुलूप निघालं. मी एक पाऊल पुढे आले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मग तिसऱ्यांदा, आवाज चढवून. त्यांनी कुलूप खिशात टाकलं, वळले आणि मला पाहून दचकले.

“अगं! केव्हा आलीस?”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

हे लिहिताना सहा तारखेचं पान पुन्हा वाचलं. नऊचंही. तिथे काही दुरुस्त करत नाही, लिहिलंय तसं राहू दे.

मी हाताने ओढ्याची दिशा दाखवली. ते कोट घालून निघाले. पुढे मला घातलं. जानेवारीपासून ते मला पुढे घालून चालतात. मला वाटायचं, परीक्षा बघतात.

८ नंबरचं खोड गुडघ्याएवढं उरलं आहे. वरचा भाग बाजूला फुटून पडलाय. आतली पोकळी ओंजळीएवढी, तळाला भुसा. भुशात कवचाचे तुकडे आणि तीन-चार लाल पिसं. काम दिवसा झालं, म्हणजे आत नर होता. तो सुटला असावा.

मामा म्हणाले, “बस. सात वाजायला आलेत.”

सात अकराला नर आला. समोरच्या फांदीवर बसला. मग उडाला आणि खोडाचं भोक ज्या उंचीवर होतं तिथे, रिकाम्या हवेत, फडफडत थांबला. तीन-चार सेकंद. परत फांदीवर गेला. पुन्हा तसंच. असं पाच वेळा. पोटाच्या डाव्या बाजूला लाल विरळ झालेलं दिसत होतं. सहाव्या वेळी तो उडाला नाही, फांदीवरूनच बोलला.

मी वेळा लिहीत होते. मामांनी माझ्या मनगटाला हात लावला आणि बोटाने दाखवलं. पक्ष्याची शेपूट प्रत्येक सुराला खाली जात होती. मामा बोटं मिटत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सूर संपला तेव्हा त्यांची सहा बोटं मिटलेली होती.

“ऐकू येत नाही?” मी विचारलं. तोंड त्यांच्याकडे करून.

“ह्याचा सूर तर चार वर्षांपूर्वीच गेला. मग इतर पक्षी. मग माणसं. आचारी राहिलाय थोडा, तो भसाड्या आहे.”

“मग वहीतल्या जोड्या?”

“मी शीळ घालतो. त्याला येते ना ऐकू. तो उत्तर देतो, मी शेपूट बघतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“जानेवारीत तुम्ही हाच म्हणालात.”

“कानात घातलंस ते चालू होतं की बंद, हेसुद्धा मला कळलं नाही. तू ‘हाच ना’ म्हणालीस, ते तोंडावरून कळलं. म्हटलं, भाची इंजिनीअर आहे, ती चुकीचं कशाला लावेल? आणि नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.”

“सांगायचं होतंत.”

“तू बोलणं कापायचं नव्हतंस,” मामा म्हणाले. कॅसेटचं त्यांच्या कधी लक्षात आलं ते मी विचारलं नाही. यंत्र पुसून दिलं तेव्हाच आलं असणार.

परतताना ते मागून शीळ घालत होते. ती त्यांना ऐकू येत नाही. एकदाही सूर हलला नाही.

१४ मार्च

केंद्रप्रमुख मॅडम मुख्य कार्यालयात आहेत, फोनवर बोलले. मामांच्या कानांचं सोडून बाकी सगळं क्रमाने सांगितलं. त्या म्हणाल्या, “यंत्रांसाठी मी तीन वर्षं भांडले. आता लोक म्हणतील, यंत्रांनी म्हाताऱ्याची शीळ मोजली.”

“यंत्रांनी बरोबर ऐकलं. नमुना मी चुकीचा दिला.”

“हंगाम संपला की सुधारित अहवाल दे. शांतपणे.”

“दुसऱ्या पट्ट्याचं काम २० तारखेला सुरू होतंय. त्यात १० आणि ११ येतात. दोन्हीकडे अंडी आहेत.”

“अंडी आहेत हे कुणी पाहिलं?”

“मोजणीदारांनी, माझ्यासमोर. काल संध्याकाळी १० जवळ, आज सकाळी ११ जवळ, पाळी बदलताना.”

“ज्यांच्या नोंदींना आधार नाही असं तूच लिहिलंस, त्यांनी. मुख्य कार्यालय विचारेल, नमुना ऐकून ‘हाच’ म्हणणाऱ्याला स्वतःचीच शीळ कशी ओळखता आली नाही, आणि मग त्याची मोजणी खरी कशी मानायची? काय सांगशील?”

याला उत्तर एकच आहे. ते दिलं तर मामांची मोजणी खरी ठरते आणि मामांची नोकरी जाते. मोजणीदाराला ऐकू येणं बंधनकारक आहे, दरवर्षी तसा कागद भरावा लागतो. चार वर्षं मामांनी तो भरला आहे.

ते उत्तर न देता पत्र लिहून पाहिलं. तीन मसुदे केले. तिन्हींत एक जागा अशी येते की वाचणारा विचारणारच, आणि उत्तर येऊन परत प्रश्न जाईपर्यंत २० तारीख उलटेल.

१५ मार्च

सकाळी मसुदे घेऊन सामानघरात गेले. समोर बसले, उजेडाकडे तोंड करून. मामांनी तिन्ही वाचले. चष्मा काढला.

“ह्यात घोडं पेंड खातंय ते मीच ना?”

“हो.”

“मग लिही की.”

“नोकरी जाईल.”

“सामानघरातली?” त्यांनी भिंतीवरच्या पान्यांकडे पाहिलं. “जाऊ दे. चौदा नंबर कुठे आहे ते तुला माहीत आहे.”

“मामा, गंमत नाही.”

“मी कुठे करतोय? चार वर्षं मी तोंडं वाचतोय पोरी. दमलो. तो नर बघ, आत बसलेला असतो तेव्हा करवत खोडाला लागेपर्यंत हलत नाही. आपण लपलोय, कुणाला दिसत नाही, असंच वाटतं त्याला.” मसुदे त्यांनी माझ्यापुढे सरकवले. “बहिरा असं नको लिहूस मात्र. आचारी फार चिडवेल.”

मी म्हणाले, “तू सही करशील का खाली?” तोंडातून गेलं तेव्हा दारात आचारी उभा होता. त्याने ऐकलं. मी दुरुस्त केलं नाही.

मामांनी पेन मागितलं.

पत्र दुपारी मुख्य कार्यालयाला पाठवलं, मॅडमना प्रत दिली. इथेही उतरवून ठेवते.

“मी २५ फेब्रुवारीला दिलेला अहवाल मागे घेत आहे. आवाजाचा नमुना म्हणून वापरलेली शीळ पक्ष्याची नसून माणसाची होती. कॅसेटच्या सुरुवातीला तसं सांगितलेलं आहे. तो भाग मी न ऐकता कापला. चूक माझी आहे.

योग्य नमुना वापरल्यावर ओढ्यापलीकडे ८, १० आणि ११ या ठिकाणी कर्ण्याचे आवाज मिळाले. रेकॉर्डिंग सोबत आहे. मोजणीदारांच्या वहीतही हीच ठिकाणं आहेत.

मोजणीदारांना चार वर्षांपासून पक्ष्यांचे आवाज ऐकू येत नाहीत. त्यांची मोजणी डोळ्यांनी केलेली आहे आणि ती बरोबर आहे. माझी कानांनी केलेली होती आणि ती चुकीची होती. हे त्यांच्या संमतीने लिहिलं आहे. त्यांची सही खाली आहे.

८ जवळचं घरटं ११ मार्चपर्यंतच्या तोडीत गेलं. १० आणि ११ जवळ नर-मादी अंड्यांवर बसत आहेत. पिल्लं बाहेर पडायला एप्रिलअखेर होईल. तोपर्यंत दुसऱ्या पट्ट्याचं काम थांबवावं.

काम २० मार्चला सकाळी आठ वाजता सुरू होणार आहे. कृपया १९ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर द्यावं.”